परतीचा रस्ता आधी ठरवा, बाकीचं मग

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजून घेण्यात माझी काही गफलत झाली असेल तर इथेच कळेल. सहा वर्षांपूर्वीच्या अपघातात टी-४ पातळीवर, म्हणजे छातीच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवर, मज्जारज्जूला इजा झाली आणि तेव्हापासून तुम्ही हाताने चालवायची व्हीलचेअर वापरता. हात, खांदे भक्कम आहेत, नोकरी आहे, दिवसातले काही तास मदतनीस येतात. डेटिंग अ‍ॅपवर तुम्ही कमरेपर्यंतचेच फोटो टाकले होते. एकाशी तीन आठवडे छान बोलणं झालं आणि मागच्या आठवड्यात तुम्ही त्याला खुर्चीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "मला काही फरक पडत नाही." तेव्हापासून मात्र रोज एकच लकडा: मी घरी घ्यायला येतो, उचलून गाडीत बसवतो, मदतनीस कशाला, मी आहे ना. मैत्रिणी म्हणतात, असा माणूस शोधून सापडायचा नाही. तुमच्या मनात मात्र पाल चुकचुकतेय. म्हणून तुम्ही विचारताय: मी उशिरा सांगितलं का? आणि आता उगाच संशय घेतेय का?

हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, म्हणून सुटत नाहीयेत. उशिरा सांगितल्याची टोचणी तुम्हाला लागलीय आणि त्यामुळे आता त्याला "नको" म्हणायचा हक्कच उरला नाही असं वाटतंय. तुम्ही असं कुठे लिहिलेलं नाही, पण "तो इतकं करतोय तर" हे शब्द तुमच्या मजकुरात तीनदा आलेत. मी मोजले. तेव्हा आधी गाठ सोडवू.

मी पुनर्वसन केंद्रात समुपदेशक म्हणून सतरा वर्षं काम करतेय. मी स्वतः अपंग नाही. जे सांगतेय ते समोर बसलेल्या माणसांकडून शिकले, आणि त्यातलं काही त्यांना चुकीचा सल्ला देऊन शिकले. सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर यात नसतंच. अपंगत्व दिसणारं आहे की न दिसणारं, रोजची मदत कोण करतं, तुम्ही कुणाबरोबर राहता, फोन कुणाच्या हातात असतो, यावर बरंच अवलंबून आहे. एका डोळस, चालत्या माणसाला "पटलं नाही तर उठून निघून या" एवढा सल्ला पुरतो. तुमच्या बाबतीत त्यातल्या "उठून निघून" या दोनच शब्दांवर अख्खं नियोजन करावं लागतं.

आता सांगण्याबद्दल. तीन आठवडे हे उशिरा नाही. प्रत्यक्ष भेटीआधी सांगितलंत, एवढं पुरे. माझ्याकडे येणारे लोक "सांगणं" ही एकच मोठी गोष्ट धरून बसतात, जणू एकदाच तोंड उघडायचं आणि सगळं ओतायचं. मी त्याचे तुकडे करायला सांगते. भेट ठरवायला समोरच्याला काय माहीत असायला हवं? खुर्ची, पायऱ्या, कदाचित वेळ. जवळीक होणार असेल तर त्याआधी काय माहीत असायला हवं? ते वेगळं, त्याकडे पुढे येते. आणि अपघात कसा झाला, चूक कुणाची होती, मूत्राशयाचं काय करता, किती शस्त्रक्रिया झाल्या, हे सगळं तुमचं खासगी. ते विश्वास बसेल तेव्हा सांगायचं, किंवा कधीच नाही. उघडपणा म्हणजे वैद्यकीय फाइल समोर ठेवणं, असं कुणी सांगितलं?

इथेच माझी स्वतःची एक चूक सांगते. कामाला लागले त्या सुरुवातीच्या काळात मी एका मुलीला म्हटलं होतं, "पहिल्या भेटीआधी सगळं सांगून टाक, म्हणजे मन मोकळं." तिने सांगितलं: औषधं, त्यांच्या वेळा, रात्री एकटी असते ते, मदतनीस किती वाजता जाते ते. माणूस ठीक निघाला नाही, आणि ती कधी एकटी असते हे त्याला नेमकं माहीत होतं. ती सुखरूप राहिली, पण घराचं कुलूप बदलावं लागलं. तेव्हापासून मी "सगळं सांग" हे शब्द कुणालाच म्हणत नाही. खुर्ची वापरते हे सांगण्यात काही धोका नाही. मदतनीस सहाला जाते हे सांगण्यात आहे.

सांगायचं कसं, यावर आमच्याकडे चक्क तालीम होते. एक तरुण मुलगा आठवतो. दोन्ही पायांना कॅलिपर (चालायला आधार देणाऱ्या पट्ट्या), बोलायला चतुर. मी म्हटलं, मी ती मुलगी आहे, सांग मला. त्याने फोन हातात घेतला आणि टाइप केलं: "मला तुला एक गोष्ट सांगायचीय, प्लीज रागावू नकोस." मी त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं. वाचता वाचता त्यालाच हसू फुटलं. तुरुंगातून सुटून आल्यासारखं वाटतंय म्हणाला. मग आम्ही माफी काढली, "पण" काढला, "तरीसुद्धा मी" काढलं. उरलं ते असं: "मी कॅलिपर लावून चालतो, म्हणून जिने टाळतो. तळमजल्यावरची जागा बघूया का?" माहिती आणि तिचा व्यवहारातला अर्थ, दोन्ही एका दमात. समोरच्याला दिलासा द्यायचा की धीर, असा पेचच पडत नाही, कारण वाक्याच्या शेवटी त्याला उत्तर द्यायला एक साधा प्रश्न असतो.

प्रोफाइलमध्ये खुर्ची दाखवावी का, याबद्दल माझं मत ठाम आहे, पण ते फक्त दिसणाऱ्या अपंगत्वापुरतं. दाखवावी. एक तरी फोटो असा असावा की खुर्ची त्यात आहे, पण फोटो खुर्चीचा नाही. तुम्ही कुणाशी हसताय, काही करताय, आणि चाक कोपऱ्यात दिसतंय. संदेश कमी येतील, हे खरंय आणि ते लागतं. पण जे गळतील ते पहिल्या भेटीत दारातच गळणारे होते. न दिसणाऱ्या गोष्टींचं गणित निराळं: मिरगी, मानसिक आजार, थकवा आणणारे आजार. ते प्रोफाइलवर लिहायची काहीच गरज नाही. मिरगी असेल तर मात्र पहिल्यांदा दोघंच एकत्र असायच्या आधी चार वाक्यं सांगावीत: झटका आला तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, घट्ट धरून ठेवू नकोस, पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका बोलाव.

खुर्ची दाखवली की आणखी एका प्रकारचे लोक संदेश पाठवायला लागतात, त्यांच्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. काही लोकांना अपंगत्वाचंच आकर्षण असतं. इंग्रजीत त्यांना डिव्होटी म्हणतात. असा प्रत्येक माणूस वाईट, असं मी म्हणणार नाही, कुणाला काय आवडावं यावर माझा ताबा नाही. पण खूण सोपी आहे. तिसऱ्या-चौथ्या संदेशात प्रश्न पायांवर येतात: संवेदना कुठपर्यंत आहे, खाटेवर कशी जातेस, खुर्चीत बसतानाचा व्हिडिओ पाठव. तुमचं काम, तुमची चिडचिड, तुम्ही काय वाचता, यात त्याला रस नसतो. तो व्हिडिओ पाठवू नका. तो कुणाच्या संग्रहात जाईल, पुढे कुठे फिरेल, हे तुमच्या हातात राहत नाही.

आता दुसरा प्रश्न, जो माझ्या लेखी पहिला आहे.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. अपंग प्रौढांवर हिंसा होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दीडपट दिसली, आणि मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीत जवळपास चौपट. हे आकडे मी घाबरवायला सांगत नाही. कारण काय ते बघा. अशक्तपणा हे त्यातलं छोटं कारण. मोठं कारण म्हणजे रोजच्या गोष्टींसाठी दुसऱ्याचा हात लागतो, आणि ज्याचा हात लागतो त्याच्याविरुद्ध बोललं तर लोक विश्वास ठेवत नाहीत. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत मारहाण क्वचितच असते. खुर्ची पलीकडच्या खोलीत नेऊन ठेवणं असतं. श्रवणयंत्राची बॅटरी "हरवणं" असतं. अंध बायकोच्या घरातलं सामान रोज थोडंथोडं हलवणं असतं. गोळी अर्धा तास उशिरा देणं असतं. आणि या सगळ्याची सुरुवात बहुतेक वेळा मदतीनेच झालेली असते. म्हणून मी मदतीकडे बघताना एकच गोष्ट पाहते: ही मदत घेतल्यावर माझ्या हातात आहे त्यापेक्षा जास्त येतं, की असलेलंही जातं?

तुमच्या बाबतीत हे तपासून बघू. तो घरी येणार. म्हणजे पत्ता कळला, दार, कुलूप, शेजार कळला. तो तुम्हाला उचलणार. ज्याला उचलायचं शिकवलेलं नाही अशाने उचलणं मला एरवीही मान्य नाही. छातीखाली संवेदना नसताना पाय दाराला आपटला, कातडी सोलली, अगदी हाड मोडलं तरी तुम्हाला लगेच कळणार नाही. इतकी वर्षं तुम्ही स्वतः ट्रान्स्फर करता, म्हणजे खुर्चीतून दुसऱ्या जागी जाता; मध्ये फळी लावून सरकणं तुमच्या हाताला पाठ आहे. ते सोडून त्याच्या हातात का जायचं? आणि मग खुर्ची. ती घडी घालून डिकीत जाते, चावी त्याच्याकडे. डिकी बंद झाल्याचा आवाज झाला की तुम्ही त्या गाडीतून स्वतःच्या मनाने उतरू शकत नाही. तो देवमाणूस असेल तरीही नाही. पहिल्या भेटीला इतकं कुणाच्या हाती द्यायची गरज नसते.

म्हणून माझा नियम, जो मी प्रत्येकाला सांगते: भेटीला कसं जायचं हे नंतर बघा, परत कसं यायचं ते आधी ठरवा. तुम्हाला बसवता-उतरवता येणारं वाहन जाण्या-येण्यासाठी तुम्हीच ठरवा. जागा वर्दळीची आणि तुम्ही आधी पाहिलेली, निदान फोन करून विचारलेली. "व्हीलचेअरला चालेल का" असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. "दारापासून टेबलापर्यंत एकूण पायऱ्या किती" असं विचारा. स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आहे आणि ते बाहेर उघडतं की आत, हेही. आत उघडणारं असलं की खुर्ची आत गेल्यावर दार लागत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. फोन आणि पाकीट खुर्चीच्या मागच्या पिशवीत न ठेवता मांडीवर किंवा अंगावर. आणि खुर्ची ढकलायला तुम्ही सांगितल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. खुर्ची तुमच्या शरीराचाच भाग आहे. विचारल्याशिवाय हँडल धरणाऱ्याला मी खांद्यावर हात टाकणाऱ्याच्या रांगेत बसवते.

मदतनीस. "मदतनीस कशाला" हे त्याचं वाक्य मला सगळ्यात खटकलं. त्याला एकांत हवा असेल, हे समजू शकते. पण तुमची मदतनीस ही तुमची मोठी बहीण म्हणून देखरेखीला येत नाही, तिच्यामुळे तुमचा दिवस चालतो. ती दूरच्या टेबलावर बसू शकते, बाहेर थांबू शकते. तिला बोलणं ऐकू यायची गरज नाही, तुम्ही दिसलात की झालं. आणखी एका माणसाला लाइव्ह लोकेशन द्या आणि एक ठरलेला शब्द ठेवा. तो शब्द आला की त्याने फोन करून "लगेच निघ" एवढंच म्हणायचं, कारण विचारायचं नाही.

हा भाग लिहिताना माझ्याकडच्या इतरांचीही आठवण होते, म्हणून दोन ओळी. अंध व्यक्तीने प्रोफाइलचे फोटो विश्वासातल्या एका डोळस माणसाला दाखवून घ्यावेत आणि भेटीआधी व्हिडिओ कॉलवरही त्यालाच चेहरा जुळवायला सांगावं. कर्णबधिर व्यक्तीने आणीबाणीत बोलण्याऐवजी मजकूर कसा पाठवायचा ते आधी करून बघावं. आणि पैसे, ओटीपी, पासवर्ड यांच्याबद्दल वेगळं काही लिहीत नाही. कुणालाही, कशासाठीही, नाही.

तुम्ही शेवटी लाजत लाजत विचारलंय, "पुढे गेलं तर शरीराचं काय?" लाजू नका, रोजचं काम आहे माझं. तुमची इजा टी-६ च्या वर आहे, म्हणून एक नाव पाठच करा: ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. इजेच्या खाली शरीराला काही टोचलं, ताणलं, भरलं, की मेंदूपर्यंत खबर जात नाही, पण रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब झपाट्याने चढतो. तुंबलेलं मूत्राशय हे नेहमीचं कारण, पण संभोग किंवा नुसती उत्तेजनाही पुरते. तुमच्या पातळीच्या इजेत वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११० च्या आसपास असतो. म्हणून १४० हा आकडा इतरांना किरकोळ वाटला तरी तुमच्यासाठी धोक्याचा असतो. घणासारखं डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, इजेच्या वर घाम, नाक चोंदणं, या खुणा. लगेच थांबायचं, ताठ बसायचं, पाय खाली सोडायचे, कपडे सैल करायचे, कॅथेटर (लघवीची नळी) मुरगळलाय का, मूत्राशय भरलंय का ते बघायचं. उतरलं नाही तर रुग्णवाहिका, आणि येणाऱ्यांना हे नाव सांगायचं. हे मात्र जोडीदाराला आधी माहीत हवंच. इथे खासगीपणा चालत नाही.

बाकी गोष्टी त्या मानाने सोप्या. आधी मूत्राशय रिकामं करणं, नंतर आरशाने कातडी तपासणं, एका स्थितीत फार वेळ न राहणं. वारंवार कॅथेटर वापरणाऱ्यांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी होऊ शकते. तसं असेल तर पॉलियुरेथेनचे निरोध मिळतात. आणि मला दर वर्षी भेटणारा एक गैरसमज: "अशा इजेनंतर दिवस राहत नाहीत." राहतात. पाळी पुन्हा सुरू झाली की गर्भधारणेची क्षमता सहसा पूर्वीसारखीच असते. मात्र इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि बराच वेळ बसून राहणाऱ्यांत तो आधीच जास्त, म्हणून गोळी डॉक्टरांशी बोलूनच.

आईला अजून यातलं काही सांगितलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. सांगायलाच हवं असं नाही. तुम्ही सज्ञान आहात. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारला, त्याच्या २२ व्या कलमात खासगीपणा आहे आणि २३ व्या कलमात स्वेच्छेने लग्न करण्याचा, कुटुंब उभं करण्याचा हक्क. घरात कलमं वाचून दाखवायची नसतात, हे मलाही कळतं. पण कुणीतरी एक माणूस असा हवा ज्याला तुम्ही कुठे, कुणाबरोबर आहात ते ठाऊक आहे. ती आई नसली तरी चालेल.

आता या माणसाचं काय? तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. अनेकदा नव्या माणसाला खुर्ची दिसली की काय करावं सुचत नाही आणि तो उचलायला धावतो. हे अडाणीपण असतं, दोन वाक्यांत सुधारतं. दुसऱ्या प्रकारचा माणूसही अगदी असाच धावतो. संदेश वाचून मला फरक कळणार नाही, तुम्हालाही नाही. तो कळतो "नको" म्हटल्यावर. म्हणून भेटीआधीच एक छोटं "नको" म्हणून बघा. मी असं काहीतरी लिहिलं असतं:

"घ्यायला येतोस म्हणालास, छान वाटलं. पण मी माझी येते, माझी मदतनीस सोबत असेल आणि ती लांब बसेल. शनिवारी पाच वाजता तिथेच भेटू. उचलायची गरज पडत नाही, फक्त माझ्या वेगाने चाल."

"बरं, पाचला भेटू, कुठल्या दाराशी थांबू?" असं काही आलं, तर जा आणि मजा करा. "माझ्यावर विश्वास नाही का", "मी इतकं करतोय आणि तू", "दुसरं कोणी तुला" असं काही आलं, तर पुढचं वाक्य पूर्ण वाचायचीही गरज नाही. मधलंही एक उत्तर असतं: तो रुसेल, दोन तास गप्प बसेल, मग "ठीक आहे" म्हणेल. अशा वेळी मी माझ्याकडच्या लोकांना जायला सांगते, पण तासाभराचीच भेट ठरवायला लावते, आणि त्या तासात आणखी एकदा कशाला तरी "नको" म्हणायला सांगते. बसायची जागा बदलायची, ढकलू नको म्हणायचं, काहीही.

उत्तर काय आलं ते वाटलं तर कळवा. आणि हाताने चालवायची खुर्ची आहे, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी टायरमधली हवा आणि दोन्ही ब्रेक बघून घ्या. उतारावर बोलत थांबायची वेळ आली तर ब्रेक नीट लागायला हवेत.